रेडीमेड गेमिंग पीसी ५८ हजारांना घ्यावा का?

कोथरूडची आई
नमस्कार मंडळी. मुलगा अकरावी सायन्सला आहे. दहावी झाली की कॉम्प्युटर घेऊ, असं कबूल केलं होतं. तो शब्द आता पाळायचाय. मशीन हॉलमध्येच राहील. त्यावर त्याचं पायथन आणि गेम, माझ्या शिकवणीचे हिशेब आणि घरचे फोटो. एका दुकानाने तयार पीसीचं कोटेशन दिलंय: कोअर आय५-१२४००एफ, ८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी, आरटीएक्स ३०५० ग्राफिक्स कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा), विंडोज ११, तीन वर्षं वॉरंटी. मॉनिटर सोडून ५८ हजार. मला रेडीमेडच बरा वाटतो, कारण बिघडला तर एकाच दाराशी जायचं. मुलाचे मित्र म्हणतात, सुटे भाग घेऊन असेंबल करून घ्या. तुमचं काय मत?

पेठेतला असेंबलवाला
ताई, माझा स्पष्ट विरोध. कोटेशनमध्ये काय लिहिलंय त्यापेक्षा काय लिहिलेलं नाही ते बघा.

'आरटीएक्स ३०५०' या नावाची दोन वेगवेगळी कार्डं आहेत. २०२२ चं ८ जीबीचं आणि २०२४ चं ६ जीबीचं. फरक फक्त २ जीबीचा असता तर मी बोललो नसतो. जुन्यात २,५६० कोअर (चित्राचं गणित करणारे भाग) आणि १२८ बिटची बस (कार्डाच्या मेमरीकडे जायचा रस्ता). नव्यात २,३०४ कोअर आणि ९६ बिटची. म्हणजे नंतर आलेलं कार्ड कमी ताकदीचं आहे, आणि डब्यावर नाव मात्र तेच. तुमच्या कोटेशनमध्ये किती जीबी ते लिहिलेलंच नाही.

रॅमचंही तसंच. ८ जीबी म्हणजे बहुधा एकच स्टिक. प्रोसेसरला मेमरीकडे जायला दोन रस्ते असतात. एकच स्टिक लावली की त्यातला एक बंद. आणि 'एसएमपीएस ५०० वॅट' एवढ्यावर मी तर पैसे देणार नाही. कंपनी कोणती, ८० प्लस रेटिंग, म्हणजे वीज कमी वाया जाते याची खूण, आहे का? याच पैशात तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात हिंडून एकेक भाग नावानिशी निवडता येतो.

हडपसरचा नोकरदार
दादा, भाग निवडणं सोपं आहे, पुढचं तुम्ही सांगत नाही. मी असंच जुळवून घेतलं होतं. आठ महिन्यांनी पीसी आपोआप रीस्टार्ट व्हायला लागला. रॅमवाल्याने बोर्डाकडे बोट दाखवलं, बोर्डवाल्याने एसएमपीएसकडे. ऑफिस सांभाळून तीन शनिवार कॅबिनेट गाडीवर घेऊन फिरलो. शेवटी निघाली रॅमच. असेंबल केलेल्या मशीनमध्ये प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, आणि दोष कुठला हे आधी आपणच शोधायचं असतं. ज्याला ते येतं त्याने जरूर करावं. ज्या घरात तीन जण एका मशीनवर अवलंबून आहेत तिथे मी रेडीमेडच सांगेन.

आणि ६ जीबीच्या कार्डाला इतकं वाईट ठरवू नका. ते ७० वॅटवर चालतं, ८ जीबीवाल्याला १३० लागतात. मदरबोर्डच्या स्लॉटमधूनच ७५ वॅट मिळतात, त्यामुळे बहुतेक ६ जीबी कार्डांना वेगळी पॉवर केबल लागत नाही. हॉलमध्ये उष्णता कमी, पंख्याचा आवाज कमी. १०८० पिक्सेलवर व्हॅलोरंट, माइनक्राफ्टसारखे गेम आरामात चालतात.

पेठेतला असेंबलवाला
चालतं, मान्य. मग कोटेशनवर '६ जीबी' लिहायला काय हरकत आहे? गिऱ्हाइकाला माहीत असलंच पाहिजे. माझा राग त्यावर आहे.

वाकडकर
लॅपटॉप घ्या ना. दोन वर्षांनी मुलगा होस्टेलवर जाईल.

रिपेअरिंगवाला, सिंहगड रोड
वाकडकर, तेवढ्याच पैशातला गेमिंग लॅपटॉप जास्त तापतो आणि ग्राफिक्स चिप बोर्डावरच सोल्डर केलेली असते, पुढे बदलता येत नाही. आईची शिकवणी घरीच राहणार आहे, तेव्हा डेस्कटॉपच योग्य.

रेडीमेडमध्येही दोन जाती आहेत, हे कोणी बोललं नाही. दुकानदाराने बाजारातले सुटे भाग घालून केलेला तयार पीसी, आणि मोठ्या कंपनीचा बंद डबा. दुसऱ्या प्रकारात कधी कधी एसएमपीएस आणि बोर्ड त्या कंपनीच्याच मापाचे असतात. माझ्याकडे अशी मशीनं येतात. बाकी सगळं ठणठणीत, पण बाजारातला एसएमपीएस आत बसतच नाही आणि कंपनीचा मिळत नाही. ताईंचं कोटेशन पहिल्या प्रकारचं दिसतंय, म्हणून मी घ्या म्हणेन. फक्त प्रत्येक भागाचं नाव आणि सिरीयल नंबर बिलावर हवा.

अजून एक. १२४००एफ मधला 'एफ' म्हणजे प्रोसेसरला स्वतःचे ग्राफिक्स नाहीत. कार्ड दुरुस्तीला गेलं की स्क्रीन पूर्ण काळी, तुमचे हिशेबही बंद. थोडे पैसे वाढवून साधा १२४०० मिळाला तर तोच घ्या. घरच्या मशीनसाठी मला हे गेमच्या वेगापेक्षा महत्त्वाचं वाटतं. आणि यूपीएस हवाच. आपल्याकडे गुरुवारी देखभालीसाठी वीज जाते, आणि मुलं सेव्ह न करता बसलेली असतात.

कोथरूडची आई
सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानात फोन केला. कार्ड ६ जीबीचंच आहे. विचारल्याबरोबर त्यांनी सांगितलं, लपवलं नाही. एफ नसलेला प्रोसेसर आणि ८-८ च्या दोन स्टिक घातल्या तर साडेचार हजार वाढतील म्हणाले. मुलाला ८ जीबीचं कार्ड हवं होतं, थोडा हिरमुसला. पण कार्ड पुढे बदलता येईल हे त्याला पटलं. मी रेडीमेडच घेतेय. एसएमपीएसचं नाव संध्याकाळपर्यंत कळवतील.

पेठेतला असेंबलवाला
मी असेंबलच केलं असतं, मत बदललेलं नाही. पण ताई, आता घेताय तर एसएमपीएसचं नाव कळल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका. आणि दुकानातच मशीन सुरू करायला लावा. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये मेमरीवर क्लिक केलं की रॅमचे वापरात असलेले स्लॉट दिसतात, तिथे दोन स्लॉट वापरात हवेत. मुलालाच बघू द्या.