सुपरहिरोपटाचं पोस्टर: एक चिन्ह की बारा मुंडकी?

रेघोट्या:
नव्या सुपरहिरोपटाचं पोस्टर आलं की हल्ली आधी मुंडकी मोजावी लागतात. २०१७च्या 'स्पायडर-मॅन: होमकमिंग'चं पोस्टर आठवा. टोनी स्टार्क आहे आणि आयर्नमॅनही आहे, म्हणजे एकच माणूस दोनदा. खलनायकाचीही तीच गत, चेहरा वेगळा आणि पंखवाला वेगळा. उलट १९८९चा 'बॅटमॅन': सोनेरी-काळं वटवाघळाचं चिन्ह आणि २३ जून ही तारीख. सिनेमाचं नावही छापलं नव्हतं. पोस्टरवर कल्पना एकच हवी.

ठसा:
असहमत. 'बॅटमॅन'चं ते टीझर, म्हणजे सिनेमाच्या बरंच आधी लावायचं पोस्टर. तुम्ही टीझर आणि अंतिम पोस्टर एकाच तराजूत घालताय. टीझरचं काम फक्त कुतूहल जागवणं. अंतिम पोस्टरवर करार बसलेले असतात: कुणाचं नाव कितवं, किती मोठं, आणि दुसऱ्याचा चेहरा वापरला तर माझाही हवा, अशी अट. २०१९च्या 'अ‍ॅव्हेंजर्स: एंडगेम'च्या पोस्टरवर ओकोये ही योद्धा दिसत होती, पण ती भूमिका करणाऱ्या डनाई गुरिराचं नाव वरच्या ओळीत नव्हतं, फक्त खाली बारीक अक्षरांत. ओरड झाली आणि मार्व्हलने त्याच दिवशी दुरुस्त पोस्टर काढलं. मुंडकी कमी करणं डिझायनरच्या हातात नसतं हो.

तळाची ती चिंचोळी अक्षरंही करारापायीच. आकाराची अट अक्षराच्या उंचीला लागते, रुंदीला नाही. म्हणून उंची राखून अक्षरं दाबायची.

रेघोट्या:
करार मान्य. पण करारात 'सावल्या चुकवा' असं कुठे लिहिलंय? नटांचे फोटो वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दिव्यांखाली काढतात आणि मग चिकटवतात. नाकाच्या सावल्या बघा, एकाची डावीकडे, शेजारच्याची उजवीकडे. कापलेल्या कडा लपवायला प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना उजळ रेघ. तरी केसांजवळ कात्री दिसतेच. मग सगळं एकजीव भासावं म्हणून वरून निळा-नारिंगी थर. आमटी बिघडली की गूळ घालतात, तसा.

पिक्सेलमामा:
+१, पण खरा घोळ मापाचा आहे. अमेरिकेतल्या थिएटरचं नेहमीचं पोस्टर २७ x ४० इंच. ३०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ३०० ठिपके धरले, तर ८१०० x १२००० पिक्सेल. त्यात बारा चेहरे आरामात मावतात. तेच पोस्टर तिकिटाच्या ॲपमध्ये ३०० पिक्सेल रुंदीचं झालं, आणि चेहरा रुंदीच्या एक दशांश असला, तर डोळे, नाक, तोंड सगळं ३० पिक्सेलांत. मंजुरीआधी एवढं करा: चित्र ३०० पिक्सेलांवर आणा, रंग काढून टाका. नायक कोण ते दोन सेकंदांत कळलं नाही, तर मांडणी परत करा. रंग काढायचाच, कारण लाल पोशाख फसवतो. करड्यात तो मागच्या निळ्यात विरघळतो.

ठसा:
मोबाइलसाठी वेगळी कापणी करता येते, त्यासाठी मूळ पोस्टर कशाला उजाड करायचं? थिएटरातल्या दिव्याच्या पेटीत मोठंच लागतं. तिथलं पोस्टर दोन्ही बाजूंनी छापतात, मागे तेच चित्र उलटं आणि फिकं. एकाच बाजूने छापलेलं लावलं की मागच्या उजेडाने काळा रंग राखाडी पडतो आणि मग लोक डिझायनरला बोल लावतात. पेटीची चौकट कडा झाकते, म्हणून तारीख काठाला नेऊ नये.

आणि 'बॅटमॅन'चं चिन्ह निर्दोष होतं असंही नाही. काहींना त्यात वासलेलं तोंड दिसायचं. शिवाय त्या चिन्हाला जुनी ओळख होती. नव्याकोऱ्या नायकाचं चिन्ह टायरच्या कंपनीचं वाटेल.

रेघोट्या:
टायर पटला. मग मधला रस्ता: दोन तृतीयांश जागा नायकाला, एकाच बाजूचा प्रकाश, बाकी अकरा जण मागे काळ्या आकृत्या.

ठसा:
काळी आकृती म्हणजे चेहरा नव्हे. अकरा वकिलांचे फोन कोण घेणार?