सागवानी दारांवर वॉर्निश गुळगुळीत होत नाहीये, मदत हवी आहे

मंडळी, चिपळूणजवळच्या आमच्या जुन्या घराच्या आतल्या दारांचं काम काढलंय. दारं सागाची, पॅनेलची, आजोबांनी करून घेतलेली. जुना थर खरवडून 120 आणि मग 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासलं. लाकडाच्या रेषा इतक्या सुंदर निघाल्या की रंग द्यायचा विचार सोडूनच दिला. ब्रशने तयार चकचकीत वॉर्निशचे (टर्पेंटाइनवालं) दोन हात दिले.

वाळल्यावर हात फिरवला तर रवा सांडल्यासारखं लागतं. बाजूने बॅटरी मारली की बारीक कण आणि ब्रशच्या रेघा दिसतात, पॅनेलच्या कोपऱ्यांत ओघळ साचलेत. आणि एका दाराची मधली फळी अजून चिकट आहे, बोट टेकलं तर ठसा उमटतो. बाकीची दारं मात्र खडखडीत वाळली.

सुतारकाका म्हणतात, सगळं काढा आणि मेलामाइनचा (थिनरवालं लाकडाचं पॉलिश) स्प्रे मारून घ्या. पण आईला दमा आहे, घरात थिनरचा वास नको. शिवाय मला तो चकचकाट मुळात आवडत नाही. वरच्या वर सावरता येईल का? पावसाआधी उरकायचंय.

— ओटीवरची

वाळलेली दारं अजिबात खरवडू नका. ओघळ आधी ब्लेडने अलगद तासा. मग 320 चा पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळून रेषेच्या दिशेनेच घासा. पांढरी भुकटी निघाली तर ठीक, पेपरला गोळे चिकटायला लागले तर आत अजून ओलं आहे, थांबा. भुकटी टर्पेंटाइनमध्ये भिजवून घट्ट पिळलेल्या सुती फडक्याने पुसा.

दारं बिजागऱ्यांतून काढून आडवी ठेवा. उभ्या दारावर ओघळ सहज येतात. वॉर्निशचा डबा हलवू नका, बुडबुडे होतात. पट्टीने सावकाश ढवळा आणि लागेल तेवढंच जुन्या नायलॉनच्या साडीच्या तुकड्यातून वाटीत गाळून घ्या. कण बहुतेक त्यातलेच असतात, नाहीतर पंख्याने उडवलेले. पंखा बंदच ठेवा, खिडक्या उघड्या असू देत. हात पातळ द्या: आधी पॅनेल, मग आडव्या पट्ट्या, शेवटी उभ्या. जागेवर बसायला लागलेल्या वॉर्निशवर परत ब्रश फिरवायचा मोह आवरा, रेघा तिथेच पडतात.

— रंधा

चिकट फळीचं कारण बहुधा सागाचं स्वतःचं तेल. काही फळ्यांत ते जास्त असतं आणि तेलाचं वॉर्निश त्यावर वाळायला रडतं. तेवढीच फळी खरवडून लाकूड उघडं करा, अंगणात नेऊन थिनरने पुसा आणि थिनर उडताच पहिला हात द्या. दुसऱ्या दिवसावर ढकललं तर तेल पुन्हा वर येतं. हा पहिला हात टर्पेंटाइन घालून पातळ करा.

आणि एक, फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नका. वॉर्निश लागलेल्या कापडाचा बोळा आपोआप तापून पेटू शकतो. दोरीवर मोकळी वाळत घाला.

— पोफळी

दोघांचे आभार! चिकट फळीचं कोडं सुटलं. आता एवढंच सांगा, चकाकी कमी हवी असेल तर पुढचे सगळे हात मॅटचे द्यायचे का?

— ओटीवरची

नाही, फक्त शेवटचा. मॅटमध्ये चकाकी मारणारी पूड असते. तिचे थरावर थर चढले की रेषा धूसर दिसतात. खालचे चकचकीतच राहू देत. ती पूड तळाशी बसते, म्हणून मॅटचा डबा तळापासून ढवळा आणि मधूनमधून ढवळत राहा, नाहीतर एक दार चकाकेल आणि दुसरं नाही.

— रंधा