'डबल कप'मधली सरमिसळ वरवरची नाही

डीजे रशादच्या 'डबल कप' या अल्बममध्ये वेगवेगळ्या संगीतशैली नुसत्या एकापुढे एक मांडल्यात, एकजीव होत नाहीत, हे वरच्या प्रतिसादातलं मत मला पटत नाही. त्यांना जोडणारी गोष्ट आहे वेग.

रशाद शिकागोच्या फुटवर्कचा, म्हणजे तिथल्या वेगवान नृत्यसंगीताचा माणूस. फुटवर्क मिनिटाला साधारण १६० ठोक्यांवर चालतं. तोच ठेका अर्ध्यावर मोजला की ८० होतो, आणि तिथे हिपहॉपला, सोल या भावपूर्ण गायकीच्या गाण्यांतून उचललेल्या तुकड्यांना ऐसपैस जागा मिळते. पूर्ण मोजला तर तो थेट 'जंगल' या वेगवान ब्रिटिश नृत्यसंगीताच्या शेजारी जाऊन बसतो. या अल्बममध्ये दोन्ही मोजण्या एकाच वेळी चालू असतात, ठाय आणि दुगुण एकत्र ऐकावी तशा. म्हणून हाय-हॅट (ड्रमच्या झांजा) धावत असताना गाण्याचा तुकडा निवांत तरंगतो आणि कुणी कुणाच्या आड येत नाही. पायाने आधी अर्धी लय धरा, मग दुप्पट, लगेच कळेल.

त्यातल्या 'ॲसिड बिट' या गाण्याचंच घ्या. त्यातला तो चिरका, वळवळणारा ॲसिडचा आवाज उपरा वाटतो, असं त्या प्रतिसादात लिहिलंय. पण हा आवाज ज्यातला, ते ॲसिड हाउस नावाचं नृत्यसंगीत जन्मलं तेच मुळी शिकागोत! रशादने घरातलीच जुनी वस्तू काढून वापरली आहे. हं, शेवटाकडे एकदोन गाणी थोडी रेंगाळतात, एवढं मान्य.

२०१३ साली लंडनच्या हायपरडब या स्वतंत्र लेबलने हा अल्बम काढला आणि २०१४ मध्ये रशाद गेला. फार हळहळ वाटते.

आणि कृपया फोनच्या स्पीकरवर ऐकून मत बनवू नका. खालचा बेस तिथे पोचतच नाही, आणि अर्धी लय तर त्या बेसवरच उभी आहे.