मदत हवी आहे: पहिल्या महायुद्धात गेलेल्या बार्शी तालुक्यातील शिपायाची नोंद कशी शोधावी?

भोगावतीकाठ: नमस्कार. आमच्या गावचा विशीतला एक शिपाई पहिल्या महायुद्धात बसऱ्याकडे (आजच्या इराकमध्ये) गेला, तो परतला नाही. घरच्यांकडे ताऱ्याच्या आकाराचं काळवंडलेलं पदक आणि एक जड, गोल चकती आहे. ताऱ्यामागे '११० मराठा' एवढंच वाचता येतं, शिपायाचा नंबर पुसट आहे. मृत्यूची तारीख नि जागा कशी शोधायची? शाळेत फलक लावायचाय, चूक नको.

जुनी दप्तरं: तारा चिंचेनं किंवा पॉलिशनं अजिबात घासू नका, उरलीसुरली अक्षरंही जातील. अंधारात बाजूनं टॉर्च तिरपा मारून फोटो काढा. पातळ कागद ठेवून पेन्सिल हलकी फिरवली तरी नंबर उमटतो. चकती १२ सेंमीची, कांस्याची असेल तर ती मृताच्या वारसांना दिलेली आहे. तिच्यावर फक्त नाव असतं; नंबर, हुद्दा, पलटण शोधू नका.

मग कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या (महायुद्धांतल्या मृत सैनिकांच्या कबरी नि स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेच्या) साइटवर शोधा, मोफत आहे. नावानं सुरुवात केलीत तर बहुतेक अडकाल, कारण स्पेलिंगं कशीही आहेत आणि आडनावाच्या रकान्यात कधी पहिलंच नाव असतं. नंबर टाका, किंवा जादा माहितीच्या रकान्यात गाव आणि तालुका. सोलापूर तिथं 'शोलापूर' आहे, बार्शी 'बार्सी'.

भोगावतीकाठ: नंबर उमटला, धन्यवाद! पण त्या नंबरचे दोघं दिसतायत.

जुनी दप्तरं: दिसणारच, प्रत्येक पलटणीचे नंबर वेगळे चालायचे. पलटण, बापाचं नाव आणि गाव तिन्ही जुळलं तरच आपला माणूस. नोंदीत 'बसरा मेमोरियल' असेल तर तो बसऱ्यात मेला असं समजू नका. ज्यांची कबर सापडली नाही त्यांचं ते स्मारक आहे, आणि साध्या भारतीय शिपायांची नावं तिथं कोरलेलीच नाहीत, ती नोंदवहीत आहेत. हे माझ्या मनाला फार लागतं.

जागा तारखेवरून ताडा. ११० वी पलटण इराकमधल्या कूट शहरात, तुर्कांच्या वेढ्यात होती: डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, त्या दिवशी शरणागती. त्यानंतरची तारीख असेल तर तुर्कांच्या कैदेतला मृत्यू असू शकतो. पण नंतर पाठवलेल्या कुमकेतले जवान कूटबाहेरही होते, म्हणून पलटणीच्या लढाईच्या रोजनिशीशी पडताळल्याशिवाय फलकावर 'कूट' लिहू नका. मेसोपोटेमियातल्या, म्हणजे आजच्या इराकमधल्या, पलटणींच्या रोजनिश्या लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. शिपायांची नावं त्यांत क्वचित येतात, पण पलटण त्या दिवशी कुठं होती ते कळतं.

मोडीवाचक: तहसीलच्या अभिलेख कक्षातून जुने फेरफार मागवा. जमीन त्याच्या नावे असेल तर वारस नोंद निघेल. मोडीत असेल तर वाचून घ्यावं लागेल. तिथली तारीख नोंदीची असते, मृत्यूची नव्हे. चावडीत किंवा देवळाच्या भिंतीत १९१४–१९ चा दगड असेल तर तोही पाहा. त्यावर गावातून किती जण युद्धावर गेले नि किती मेले एवढाच आकडा असतो, नावं नसतात.