हृदयाची झडप गळते हे इकोमध्ये कळले. पण ती का गळते, हे कसे कळणार?

प्रश्न (दारव्हा तालुका)
माझ्या आईचे वय ५२ आहे. यंदा कापूस वेचताना दोन ओळींतच तिला धाप लागू लागली आणि उशाशी दोन उश्या घेतल्याशिवाय झोप येईना, म्हणून यवतमाळला नेऊन टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करून घेतला. माइट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या वरच्या व खालच्या कप्प्यांमधली) मध्यम ते तीव्र गळते, असे अहवालात ठळक लिहिले आहे. कारण मात्र कुठेच नाही. आता दुसरे डॉक्टर कारण पाहण्यासाठी पुन्हा इको करायला सांगत आहेत. पहिल्या वेळी जे दिसले नाही, ते दुसऱ्यांदा कसे दिसणार? कापसाचे चुकारे अजून मिळालेले नाहीत, म्हणून विचारतो.

उत्तर १ (हृदयरोग विभागातील डॉक्टर, नागपूर)
सर, डॉपलरचा, म्हणजे इकोमध्ये रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या भागाचा, रंगीत पट्टा रक्त मागे फिरते एवढेच सांगतो. ते का फिरते, हे रंग काढून साध्या करड्या चित्रात पाकळ्यांची हालचाल पाहिल्यावर कळते. या झडपेच्या दोन पाकळ्या बारीक दोऱ्यांनी हृदयाच्या स्नायूंना बांधलेल्या असतात. दोरा तुटून पाकळी वरच्या कप्प्यात उलटत असेल, तर गळतीचा झोत बहुधा तिच्या विरुद्ध बाजूला वळतो. हृदयविकाराच्या झटक्यानंतर डावा खालचा कप्पा फुगला, तर पाकळ्या खाली ओढल्या जातात आणि झडप बिचारी निर्दोष असूनही गळते. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने बिघडलेल्या झडपेत पाकळ्या जाड होतात, त्यांचे सांधे चिकटतात, पुढची पाकळी उघडताना हॉकीच्या काठीसारखी वाकते आणि मागची जागीच खिळून राहते. हालचालीवरून कारण ओळखण्याची ही रीत फ्रेंच शल्यचिकित्सक कार्पेंटिए यांनी १९८३ मध्ये मांडली. झडप दुरुस्त करायची की बदलायची, हे बरेचसे त्यावरच ठरते.

उत्तर २ (इको तंत्रज्ञ, वर्धा जिल्हा)
घाईच्या तपासणीत डॉपलरचा रंग लावून गळती पाहिली जाते आणि प्रोब (छातीवर टेकवायचे उपकरण) उचलला जातो, हे मी आमच्याच लोकांबद्दल लिहितो आहे. नीट तपासणीसाठी रुग्णाला डाव्या कुशीवर घेऊन, श्वास सोडून थांबायला सांगून, वेगवेगळ्या कोनांतून पाहावे लागते. त्या वेळचा रक्तदाब अवश्य लिहून घ्या, कारण तो वाढलेला असला की तीच गळती मोठी दिसते आणि लघवीच्या गोळ्यांनंतर लहान. कागदी प्रिंटवर हालचाल दिसत नाही, तेव्हा चित्रफिती पेनड्राइव्हवर मागा. त्या नीट असल्या तर कदाचित दुसऱ्या तपासणीचा खर्चही वाचेल. एवढे करूनही उलगडा झाला नाही, तर अन्ननलिकेतून इको करतात. त्यासाठी साधारण ६ तास उपाशी राहावे लागते. पण तिथून वरचा कप्पा अगदी लागून असल्यामुळे बरगड्या व फुप्फुस आड येत नाहीत.

प्रश्नकर्ता
अहवालाचे दुसरे पान आता वाचले. ‘मागच्या पाकळीची हालचाल मर्यादित’ असे बारीक अक्षरांत आहे. आईला विचारले, तर ती म्हणाली की पाचवीत असताना आधी एक गुडघा सुजला, तो उतरला तर दुसरा, आणि त्या वर्षी शाळाच सुटली.

उत्तर १
मग संधिवाताच्या तापाचा संशय बळावतो. अशी झडप गळते तशी अरुंदही झालेली असू शकते, म्हणून ती किती उघडते, हेही मोजून घ्या: निरोगी झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते आणि १.५ किंवा त्याहून कमी असेल तर अरुंदपणा गंभीर मानतात. तो ताप पुन्हा उलटू नये म्हणून दर २१ दिवसांच्या पेनिसिलिनच्या इंजेक्शनाची गरज आहे का, हेही त्याच भेटीत विचारा.