मदत हवी आहे : ख्रिस्ती धर्माच्या तत्त्वज्ञानावर काय वाचावं?

नमस्कार मंडळी. मी धार्मिक नाही, ख्रिस्तीही नाही. फादर दिब्रिटोंचं 'सुबोध बायबल' वाचून झालं आणि पुढे श्रद्धेमागचा तर्क समजून घ्यावासा वाटला. म्हणून अमेरिकन तत्त्वज्ञ अल्विन प्लँटिंगाचं 'गॉड, फ्रीडम अँड ईव्हिल' (१९७४) घेतलं. पुस्तक बारीक दिसतं, त्यावर जाऊ नका!

त्यात ईश्वराच्या अस्तित्वाचा एक जुना युक्तिवाद येतो. अकराव्या शतकातला संत अन्सेल्म म्हणतो, ज्याहून थोर काही कल्पिताच येत नाही तो ईश्वर. आणि असा ईश्वर नुसता मनात असून भागत नाही, तो प्रत्यक्षात असायलाच हवा, नाहीतर प्रत्यक्षात असलेला त्याहून थोर ठरेल. त्यावर गौनिलो नावाच्या भिक्षूचा टोला, मग सर्वांत सुंदर बेटही असायलाच हवं की! मला गौनिलो पटला होता. पण प्लँटिंगा म्हणतो, बेटाला 'सर्वांत' ही हद्दच नसते, कितीही सुंदर असलं तरी त्याहून सरस बेट कल्पिता येतंच. इथे समासात पेन्सिलीने 'थांब, परत वाच' लिहिलंय. तीनदा परत वाचलं. पुढे 'शक्य जगतं' (म्हणजे जग जसं जसं असू शकलं असतं ते सगळे पर्याय) सुरू झाली आणि गाडी चिखलात रुतली.

तर्कशास्त्र न शिकलेल्याला झेपेल असं आधी काय वाचू? मराठीत असेल तर सोन्याहून पिवळं, पण प्रवचन नको, वाद हवा. जगात दुःख का, यावरचं असेल तर आधी तेच सांगा. आणि अन्सेल्मच्या या युक्तिवादाला, म्हणजे 'ऑन्टॉलॉजिकल आर्ग्युमेंट'ला, तुम्ही मराठीत काय म्हणता? 'सत्ताशास्त्रीय युक्तिवाद' म्हटलं की घरचे राजकारण समजतात.