आईचं इन्सुलिन आणि पाहुण्यांची वेळ

वहिनी: काल रात्री काय झालं ते इथेच लिहिते, म्हणजे प्रत्येकाला वेगळा फोन करायला नको. आईंनी जेवणाआधीचं इन्सुलिन घेतलं आणि तेवढ्यात पाहुणे आले. आई बोलत बसल्या, जेवण तासभर लांबलं. मग घाम फुटला, हात थरथरायला लागले, बोलणं तुटक व्हायला लागलं. साखर तपासली तर ५८. तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून दिली, १५ मिनिटांनी परत पाहिलं तर ९१. मग जेवल्या. आता बऱ्या आहेत.

ताई: बाप रे. महिनाभर कुणी घरी येऊच नका, स्पष्ट सांगते.

मावशी: म्हणजे आम्ही पण नाही? सख्खी बहीण आहे माझी.

वहिनी: नाही हो मावशी. ताई, तसं नको करूया. माणसं आली की आई खुलतात, ते बंद केलं तर त्या कोमेजतील. येताना फोन करा आणि जेवणाची वेळ टाळा, एवढंच हवंय. आणि खरं सांगू? समोर बसलेल्यांना "आता आईंची जेवायची वेळ झाली" असं सांगणं दरवेळी माझ्यावर येतं. मुलाने म्हटलं तर काळजी, सुनेने म्हटलं तर आगाऊपणा. म्हणून काल मी दोनदा दारापर्यंत येऊन परत आत गेले.

दादा: आजपासून ते मी सांगणार. घरी नसलो तर फोनवरून सांगेन. डॉक्टरांशी सकाळी बोललो. ७० च्या खाली साखर गेली की थांबायचं नाही, १५ ग्रॅम साखर द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासायची. चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. शुद्ध हरपली किंवा गिळता येत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, थेट हॉस्पिटल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, पान वाढलेलं समोर दिसल्याशिवाय आईने इंजेक्शन घ्यायचं नाही.

काका: तिच्या बीपीच्या गोळ्यांत बीटा ब्लॉकर, म्हणजे हृदयाचे ठोके मंदावणारं औषध, आहे का, तेही विचार. त्याने धडधड आणि थरथर दबते, साखर उतरलेली लवकर कळत नाही. घाम मात्र येतो.

दादा: आहे, काका. म्हणूनच डॉक्टर म्हणाले, शंका आली की लक्षणांची वाट न बघता तपासा.

आई: सगळे माझ्याबद्दल बोलताय, मला कुणी विचारलं नाही. माणसं यायलाच हवीत. पण लोक बसलेले असताना मी एकटीने जेवायचं हे मला जमत नाही, संकोच वाटतो. म्हणून काल उठले नाही. सुनेने हाक मारली असती तरी मी "थांब" म्हटलं असतं.

ताई: आई, मग तुझं पान आतल्या खोलीत वाढलं तर?

आई: ते चालेल. बरोबर कुणीतरी बसा.

मावशी: मी बसेन तुझ्याबरोबर. आणि सूनबाई, मला तू बिनधास्त सांगत जा, मी काही मनाला लावून घेणार नाही. रविवारी चारला आले तर चालेल?

वहिनी: या ना मावशी. जेवण साडेसातला. त्याआधी मनसोक्त गप्पा मारा.